अर्ध्या डॉलरचे बॉक्स : थांबू की चालू ठेवू?

ताई,

मी कोलंबस, ओहायोला राहते. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, मी त्याच्या जोडीदाराच्या एच-फोरवर. साताऱ्याला बी.कॉम. करून पतसंस्थेत कामाला होते. इथे कामाची परवानगी नाही. गेल्या वर्षी फार्मर्स मार्केटमध्ये सुटे परत घेताना अर्ध्या डॉलरचं नाणं हाती आलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा चेहरा, साल 1964. घरी येऊन माहिती काढली तर ते चांदीचं निघालं. तेव्हापासून मी बँकेतून अर्ध्या डॉलरचे बॉक्स मागवते, एकेक नाणं बघते आणि परत भरून टाकते. सुरुवातीला थोडी चांदी मिळाली, पण अलीकडे बॉक्समागून बॉक्स कोरडे चाललेत. नवरा म्हणतो, "पाचशे डॉलर अडकवून चिल्लर चिवडत बसतेस, लोक काय म्हणतील?" परवा बँकेतल्या टेलरनेही, म्हणजे काउंटरवरच्या बाईनेही, कपाळाला आठ्या घातल्या. मला यातून इतका आनंद मिळतो की सोडवत नाही, पण आता अपराध्यासारखं वाटायला लागलंय. मी काही चुकीचं करतेय का? मिळालेली नाणी विकली तर व्हिसाला धोका आहे का? आणि आजीचे राणीछाप रुपये पुढच्या खेपेला इकडे आणायचा विचार आहे. आणू ना?

— एक वाचक

*

अगं, सगळ्यात आधी तो अपराधीपणा सोड. बँकेकडून दर्शनी किमतीला नाणी घ्यायची, ती बघायची, हवी ती ठेवायची आणि उरलेली दर्शनी किमतीलाच परत भरायची, यात कुणाचं एका सेंटचंही नुकसान होत नाही आणि कायद्याचीही हरकत नाही. कॉइन रोल हंटिंग, म्हणजे बँकेतून आलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्या (रोल) फोडून हवी ती नाणी शोधणं, हा अमेरिकेतला जुना, मान्यता पावलेला छंद आहे. तुझ्यासारखी पतसंस्थेच्या काउंटरवर बसलेली, पैसे मोजायची सवय असलेली बाई त्यात रमली नसती तरच नवल होतं.

आता बॉक्स कोरडे का जातात ते. हे नीट समजलं की तुझी अर्धी घालमेल कमी होईल.

केनेडींची हत्या नोव्हेंबर 1963 मध्ये झाली आणि चारच महिन्यांनी, 24 मार्च 1964 ला, त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा डॉलर लोकांच्या हाती आला. वॉशिंग्टनमध्ये ट्रेझरीबाहेर रांगा लागल्या. लोकांनी तो खर्च करायला घेतलाच नव्हता, आठवण म्हणून घेतला होता. 1964 सालाची ही नाणी जवळजवळ 43 कोटी पाडली गेली, तरी दुकानांच्या गल्ल्यात ती दिसेनात. त्यात चांदीचा भाव चढत होता. मग 1965 चा कायदा आला. डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टरमधली (पंचवीस सेंट) चांदी पूर्ण काढली आणि अर्ध्या डॉलरमधली 90 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आणली. 1971 पासून चालू नाण्यात तीही उरली नाही. आत तांबं आणि वर तांबं-निकेलचा पत्रा. पुढे जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा लोकांनी घराघरांतून चांदीची नाणी काढून विकली आणि त्यातली कितीतरी वितळली. म्हणजे जी चांदी तू शोधतेस ती साठ वर्षं उपसली जातेय. आपल्याकडे 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुने रुपये असेच बाजारातून नाहीसे होऊन देवघरात आणि गाडग्यात गेले. तुझ्या आजीचे रुपये त्याच वाटेने तिच्याकडे राहिले असणार.

मग आज एखाद्या बॉक्समध्ये चांदी येते कुठून? बहुतेक वेळा कुणाच्या तरी आजोबांच्या बरणीतून. म्हातारा माणूस जातो, मुलं घर आवरतात, बरणी बँकेत रिकामी करतात. साल बघायला कुणाला वेळ नसतो. ती नाणी तिजोरीत जातात आणि कधीतरी तुझ्या बॉक्समध्ये येतात. त्यामुळे हे कधीच सारखं वाटून येत नाही. पाच बॉक्स रिकामे जातील आणि सहाव्यात एका रोलमध्ये चार-पाच 1967 ची नाणी एकत्र निघतील. ‘दर बॉक्समागे इतकी’ असा हिशेब कुणी सांगितला तर त्यावर विसंबू नकोस.

म्हणून स्पष्टच सांगते. तुला चांदीच हवी असेल तर पेढीवर जा आणि चांदी विकत घे. वेळ आणि पेट्रोल दोन्ही वाचेल. पण तुला नाणी शिकायची असतील, तर इतकी स्वस्त शाळा दुसरी नाही. पन्नास रोल, रोलमध्ये वीस नाणी, एका बॉक्सला हजार नाणी, आणि बघून झाल्यावर पाचशेच्या पाचशे डॉलर परत. क्वार्टरच्या रोलमध्ये ही मजा नाही. क्वार्टर रोज फिरतात, झिजतात. अर्ध्या डॉलरला गल्ल्यात खण नसतो, बहुतेक यंत्रं तो घेत नाहीत, कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर काय तो दिसायचा. त्यामुळे 1970 च्या दशकातली नाणी आजही तिजोऱ्यांमध्ये चांगल्या अवस्थेत पडून आहेत.

तुझ्या पत्रावरून वाटतं की तू एकेक नाणं उचलून साल वाचतेस. तसं करू नकोस, डोळे आणि मान दोन्ही जातील. रोल फोडला की वीसही नाणी उभी रचून कडा उजेडाकडे कर. साध्या, म्हणजे बिनचांदीच्या, नाण्याच्या कडेला तांब्याची तांबूस रेघ ठळक दिसते. 90 टक्क्यांच्या नाण्याची कड सगळी एकसारखी पांढरी असते, त्यात रेघच नाही. 40 टक्क्यांची फसवते. तिची कड राखट असते, कधी पुसटशी तपकिरी झाक असते, आणि घाईत ती साध्यात मिसळून जाते. कडेची जराही शंका आली तर नाणं बाहेर काढून साल बघ. 1965 ते 1969 मधलं कुठलंही साल असेल तर ते 40 टक्के चांदीचं, डोळे झाकून बाजूला ठेव. या पाच सालांची मिळून साधारण 85 कोटी नाणी पाडली गेली, म्हणून 1964 पेक्षा हीच जास्त हाती लागतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जवळ ठेवलास तर 1964 चं नाणं 12.5 ग्रॅम भरेल. 40 टक्क्यांचं 11.5 आणि साधं 11.34, या दोघांतला फरक मात्र झिजेत विरून जातो. तिथे काट्यापेक्षा कडेवर विश्वास ठेव.

कडा बघून झाल्या की रोल लगेच बाजूला टाकू नकोस. खरी शिकवणी इथून सुरू होते. 1968 पासून टांकसाळीचं अक्षर केनेडींच्या मानेखाली असतं. तिथे एस दिसलं तर ते बहुतेक वेळा सॅन फ्रान्सिस्कोला संग्राहकांसाठी पाडलेलं प्रूफ नाणं. जमीन आरशासारखी, चेहरा धुकट. कुणीतरी सेट फोडून ते खर्चून टाकलेलं असतं. 1992 पासूनच्या एस नाण्यांत काही 90 टक्के चांदीची आहेत, तेव्हा एस दिसलं की कड पुन्हा बघायची. 1970 चं डी अक्षराचं, म्हणजे डेन्व्हर टांकसाळीचं, नाणं सापडलं तर आनंदाने उडी मार. ते फक्त मिंट सेटमध्ये, म्हणजे टांकसाळीने संग्राहकांना विकलेल्या संचात, दिलं गेलं, एकूण साधारण साडेएकवीस लाख, आणि त्यातही 40 टक्के चांदी. 1987 सालची पी (फिलाडेल्फिया) आणि डी दोन्ही नाणीही फक्त सेटमधली आहेत. चांदी नाही, पण संग्रहात त्यांची जागा रिकामी राहिली की टोचते. तसंच 2002 ते 2020. या सालांचे अर्धे डॉलर चलनासाठी सोडलेच नव्हते, टांकसाळीने ते संग्राहकांना जास्त दराने विकले. तरी ते बॉक्समध्ये येतात, कारण माणसं कंटाळतात आणि भरून टाकतात. 1776-1976 अशी दोन सालं आणि मागे इंडिपेन्डन्स हॉल असलेलं नाणं तुला ढिगाने मिळेल. त्यातली चांगली दोन ठेव, एक डी अक्षराचं, एक बिनअक्षरी, बाकीची जाऊ दे.

आणि एक भिंग घे. नाण्याच्या मागच्या बाजूला, गरुडाच्या आपल्या उजवीकडच्या पायाजवळ, एफजी अशी दोन बारीक अक्षरं असतात. ती बाजू रेखाटणाऱ्या फ्रँक गॅस्पारो यांची ती आद्याक्षरं. 1982 च्या पी नाण्यांपैकी काहींवर ती नाहीत, कारण साचा घासताना ती पुसली गेली. 1972 च्या डी नाण्यांतही असा प्रकार आहे. 1974 च्या डी नाण्यांत काहींच्या दर्शनी बाजूची अक्षरं दुहेरी उमटली आहेत. चांदीच्या मागे धावणारे हे सगळं परत भरून टाकतात, म्हणजे त्यांच्या हातून सुटलेलं तुझ्या हाती येतं. तुझ्या कोरड्या बॉक्सपैकी एखादा कोरडा नसेलही, फक्त त्यात चांदी नसेल.

मी तुझ्या जागी असते तर केनेडी नाण्यांचा एक साधा अल्बम आणला असता, खाचेखाली साल आणि अक्षर छापलेला, आणि बॉक्समधून मिळेल तेवढ्यावर तो भरत गेले असते. प्रत्येक बॉक्सला काहीतरी काम उरतं, आणि ज्या दिवशी चांदी नाही त्या दिवशीही 1973 चं आधीपेक्षा स्वच्छ नाणं मिळाल्याचा आनंद असतो.

मात्र नाणी धुवायची नाहीत, हे मी हात जोडून सांगते. आपल्या घरात पितळ-तांबं-चांदी दिसली की चिंच, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट, काही ना काही हातात येतंच. नाण्याला यातलं काहीही लागलं की त्याच्या अंगावरचा मूळ थर जातो आणि बारीक ओरखडे उठतात. जाणकाराला ते लांबूनच दिसतं आणि किंमत तिथेच उतरते. काळं पडलेलं नाणं काळंच ठेव. कडेला धरून उचल.

आता तुझी ती टेलर. तिच्या आठ्यांचं कारण मला वाटतं तू तिची बाजू अजून बघितलेली नाहीस. बॉक्सचं वजन अकरा किलोच्या वर असतं. तो चिलखती गाडीतून येतो, त्याची नोंद होते, तो तिजोरीत जागा अडवतो. तुझी नाणी परत आली तर ती मोजायची, भरायची, पुन्हा पाठवायची, आणि तिच्या शाखेत अर्धा डॉलर मागणारं दुसरं कुणी नसतं. म्हणून ज्या शाखेतून मागवतेस तिथे परत भरू नकोस. परत भरायला दुसऱ्या बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये (आपल्या पतसंस्थेसारखी संस्था) खातं उघड, शक्यतो जिथे नाणी मोजायचं यंत्र आहे आणि खातेदारांना शुल्क नाही तिथे; जाण्याआधी फोन करून विचार की अर्धा डॉलर चालतो का, आणि सुटी हवीत की कागदी रोलमध्ये. एकाच जागी परत केलं तर तूच चाळलेली नाणी तुझ्याच पुढ्यात येण्याचाही धोका असतो.

मागवतेस त्या शाखेत गर्दीच्या वेळी जाऊ नकोस. शुक्रवारची दुपार आणि महिन्याची पहिली तारीख सोड. आणि तिला खरं सांग: "मी नाणी जमवते, जुनी सालं शोधते." बँकेतल्या माणसाला कोड्यात ठेवलं की तो शंका घेतो, सांगितलं की बऱ्याचदा तोच मदत करतो. एखाद्या ग्राहकाने हाताने बांधलेले रोल आणून दिले तर ते तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगता येतं, आणि यंत्राने भरलेल्या बॉक्सपेक्षा त्या हाती बांधलेल्या रोलांवर माझा जास्त जीव आहे, कारण ते सरळ कुणाच्या तरी कपाटातून आलेले असतात. मागवलेला बॉक्स उचलायला गेलीच नाहीस असं मात्र एकदाही होऊ देऊ नकोस. त्यानंतर ती शाखा तुला दारात उभं करणार नाही, आणि मला त्यात तिची चूक वाटणार नाही.

रोखीच्या नियमांची भीती नवऱ्याने घातली असेल तर तेही सांगून ठेवते. एका दिवसात 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोख भरली किंवा काढली तर बँक सरकारला अहवाल पाठवते, आणि त्यात नाणीही धरतात. तुझा पाचशेचा बॉक्स त्याच्या आसपासही नाही. पण तो अहवाल टाळायला मुद्दाम रक्कम तोडून भरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा कधी छंद वाढला तरी असली हुशारी करायची नाही.

नवऱ्याबद्दल. "लोक काय म्हणतील" हे त्याचं वाक्य मी बाजूला ठेवते, कारण लोकांना यातलं काही माहीत नाही आणि माहीत व्हायचं कारणही नाही. उलट घरात नाणी असतात हे शेजारीपाजारी बोलू नये, फोटो टाकू नये, हेच शहाणपणाचं. पण "पाचशे डॉलर अडकवून" यात तथ्य असू शकतं. एका पगारावर घर चालतंय. तो आकडा त्याला महिनाअखेरीला दिसत असेल आणि तुला दिसत नसेल. त्याच्याबरोबर बसून ठरव की या कामासाठी एकच रक्कम वेगळी राहील, समज एका बॉक्सची, आणि पहिला बॉक्स परत भरल्याशिवाय दुसरा यायचा नाही. क्रेडिट कार्डावरचे पैसे यात कधीच येणार नाहीत. आणि तू पतसंस्थेत होतीस, खतावणी कशी ठेवायची ते मी तुला सांगायला नको. तारीख, शाखा, किती रोल, कमी-जास्त नाणी निघाली का, काय ठेवलं, किती परत भरलं, पेट्रोल. दोन महिन्यांनी ती वही त्याच्यासमोर ठेव. त्याच्या शंकेला उत्तर वहीतूनच मिळू दे, वादातून नको.

तरी त्याच्या तक्रारीआडची एक गोष्ट मला तुझ्या पत्रात दिसते, आणि ती त्यालाही दिसायला हवी. हातात डिग्री, अंगात कामाची सवय, आणि परवानगी नाही म्हणून घरी. अशा बाईला आठवड्यातले काही तास मन लावून, नेमकेपणाने करायचं असं काहीतरी सापडलंय. ते चिल्लर चिवडणं नाही. एकदा त्याला शेजारी बसव आणि पंधरा रोल त्याच्या हातात दे. त्याला नाही आवडलं तरी चालेल, पण तुझ्या कामाला काय नाव द्यायचं हे त्याने ते बघून ठरवावं. आणि त्याचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल तर 2015 पासून एच-फोरवाल्या जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे अजून तपासलं नसेल तर या आठवड्यात तपासा. छंद कितीही चांगला असला तरी तुझ्या शिक्षणाला दुसरीही वाट असेल तर ती उघडी हवी.

आजीचे रुपये आणू नकोस. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय भारताबाहेर नेता येत नाही, आणि व्हिक्टोरिया राणी 1901 मध्येच गेली, म्हणजे राणीछाप रुपया त्यात हमखास येतो. लक्ष्मीपूजनाच्या ताटात त्याची जागा आहे, तिथेच राहू दे. पुढच्या खेपेला प्रत्येकाचं साल, टांकसाळ आणि दोन्ही बाजूंचे फोटो वहीत घेऊन ये. आणि आजी असेल तर तिला विचार की कुठला रुपया कुणी दिला. ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही.

राहिला विक्रीचा प्रश्न. स्वतःसाठी शोधणं आणि जपणं हा छंद. नफ्यासाठी नियमित विकणं, ऑनलाइन दुकान मांडणं, याला धंदा म्हटलं जाऊ शकतं आणि एच-फोरवर तो प्रश्न गंभीर आहे. मी वकील नाही, म्हणून इतकंच सांगते की इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय एकही नाणं विकायला टाकू नकोस. घाईही काही नाही. चांदी नासत नाही. नफा झाला तर तो करात दाखवावा लागतो, आणि संग्राह्य वस्तू वर्षभराहून जास्त ठेवून विकल्या तर त्यावरचा केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुझी खतावणी तेव्हाही उपयोगी पडेल.

वकिलाने हरकत नाही म्हटलं आणि विकायचं ठरलंच, तर दुकानात जाण्याआधी हिशेब स्वतः कर. 1964 च्या नाण्यात 0.3617 औंस चांदी असते, 40 टक्क्यांच्या नाण्यात 0.1479 औंस. त्या दिवशीच्या भावाने गुण. गणित सोपं व्हावं म्हणून औंसाला 30 डॉलर धरले तर पहिल्याचे 10 डॉलर 85 सेंट, दुसऱ्याचे 4 डॉलर 44 सेंट. दुकानदार यापेक्षा कमीच देणार, त्याला त्याचं घर चालवायचंय; पण किती कमी ते दोन दुकानांत विचार. 1970 चं डी, प्रूफ नाणी आणि एफजी नसलेली नाणी चांदीच्या ढिगात टाकू नकोस, त्यांचा भाव वेगळा विचारायचा. आणि जो तुझ्यासमोर काट्यावर वजन करत नाही, त्याच्याकडून नाणी उचल आणि पुढच्या दुकानात जा.